बावीस लाख म्हणजे शून्य

बाजारात त्याला सगळे 'पावनंबर' म्हणत. जिन्याखालचं चिंचोळं चष्म्याचं दुकान होतं त्याचं. एका भिंतीला फ्रेमा, दुसऱ्या भिंतीला आरसा, आणि मधे एक माणूस जेमतेम वळेल एवढी जागा. कुणी जुना चष्मा घेऊन आला आणि म्हणाला, "त्याच नंबरच्या काचा घाला हो, चालतंय मला," की हा काच यंत्राखाली धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "पाव नंबर वाढलाय. तुम्हाला कळणार नाही, पण तुमच्या डोक्याला कळतं. महिनाभर कपाळ धरून बसाल." डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं कसलंही किरटं अक्षर त्याला लागायचं. गिऱ्हाईक स्वतःच चिठ्ठी वाचून दाखवायला लागलं तर मात्र त्याचा पारा चढायचा. "तुम्ही नका वाचू. ती उण्याची खूण आहे, तुम्ही अधिक वाचताय. ज्याचं काम त्याला करू द्या."

घरात तीन माणसं होती. तो, त्याची बायको आणि त्याची आई. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर होती. हात विलक्षण चलाख आणि जीभ त्याहून चलाख. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि चौथ्या माणसाची वाट बघून बघून घरातलं हसणं कमी कमी होत चाललं होतं.

बायकोच्या तपासण्या कधीच्या झाल्या होत्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, महिन्याच्या अमुक दिवशी या आणि तमुक दिवशी या, असं सगळं झालं. डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, "तुमच्यात मला काही खोट दिसत नाही. आता त्यांना पाठवा. पुरुषाची तपासणी खरं तर आधी करायची असते, सोपी असते." बायकोने घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात जातो." तो पुढचा आठवडा आठ महिने लांबला.

मग त्याला टायफॉइड झाला. तीन आठवडे तो अंथरुणाला खिळला होता. ताप एकशे तीनच्या खाली यायला तयार नव्हता. बायकोने बिनपगारी रजा घेतली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, चमच्याने पेज भरवली. बरा होऊन दुकानात जायला लागल्यावर महिनाभराने एके सकाळी तिने डॉक्टरबाईंची चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली. "आज नाही गेलास ना, तर मी दुकानात येऊन बसेन. आणि गिऱ्हाइकांना कारण सांगेन."

तिचा नेम नव्हता. ती खरंच बसली असती. तो गेला.

प्रयोगशाळेच्या खिडकीत बसलेल्या मुलीने चिठ्ठी वाचली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सीमेनचं आहे ना? इथेच देणार की घरून आणणार?" त्याच्या मागे दोन बायका उभ्या होत्या. त्यातली एक भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागली. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मुलीने एक फॉर्म पुढे केला. शेवटच्या संबंधाला किती दिवस झाले? गेल्या तीन महिन्यांत ताप, मोठं आजारपण? नमुना पूर्ण गोळा झाला का, की काही भाग सांडला? त्याने तापापुढे 'नाही' लिहिलं. 'होय' लिहिलं असतं तर मुलीने कसला ताप, किती दिवस, म्हणून विचारलं असतं, आणि त्याला त्या खिडकीपाशी एक क्षणही जास्त उभं राहायचं नव्हतं.

खोली म्हणजे काय, फरशी पुसायच्या बादलीशेजारी एक खुर्ची आणि एक बेसिन. कडी अर्धवट लागायची. बाहेरून चपलांचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाज दारापाशी येऊन थांबतोय असं त्याला वाटत होतं. घाम फुटला, आणि ऐन वेळी प्लास्टिकची डबी तिरकी झाली. पहिलं जे काही होतं ते फरशीवर गेलं. उरलेलं डबीच्या तळाला लागलं. त्याने रुमालाने फरशी पुसली, आणि फॉर्मवर 'नमुना पूर्ण' याच्यापुढे 'होय' लिहून डबी खिडकीत सरकवून तो जो निघाला, त्याने चौकापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दिव्याखाली कागद धरला. एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू: बावीस लाख. शेजारच्या रकान्यात, हवेत किमान एक कोटी साठ लाख. हालचाल करणारे: अठरा टक्के. हवेत बेचाळीस. नीट घडणीचे: एक टक्का. सगळे आकडे ठळक, प्रत्येकाच्या शेजारी खाली तोंड केलेला बाण. तळाला बारीक अक्षरात छापलं होतं: 'एका तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' ती ओळही त्याने वाचली. पण ती त्याला फ्रेमच्या खोक्यावर छापलेल्या सूचनांसारखी वाटली. सगळ्यांच्याच कागदावर असणार. ज्याचं बरं आहे त्याच्याही आणि ज्याचं संपलंय त्याच्याही.

मग त्याने मोबाइल उघडला. कुणी लिहिलं होतं, एक टक्का म्हणजे नव्याण्णव विकृत. कुणी लिहिलं होतं, आम्ही शेवटी मूल दत्तक घेतलं. कुणी लिहिलं होतं, पुरुषाने आशा सोडलेली बरी. तासाभराने त्याचा निकाल लागला होता. आपल्यात काही नाही. त्याने कागदाची घडी घातली, ती काचांच्या खणात सगळ्यात खाली ठेवली आणि शटर वर केलं.

घरी बायको ओट्यापाशी उभी होती. पाठ न वळवता तिने विचारलं, "काय आलं?"

"नॉर्मल," तो म्हणाला.

एवढा एकच शब्द. तोंडातून निघताना त्याला वाटलं, उद्या सांगू, परवा सांगू, जरा धीर आला की सांगू. पण आतल्या खोलीतून आई बाहेर आली आणि म्हणाली, "मी म्हणतच होते. आमच्या घराण्यात तसलं काही नाही." आणि तो शब्द जागच्या जागी घट्ट बसला.

बायकोचा चेहरा पडला. पुरुषाचं ठीक म्हणजे दोष पुन्हा तिच्याकडे आला. ती पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी नवऱ्याचा कागद मागितला. त्याने सांगितलं, दुकानात राहिला. पुन्हा मागितला, तेव्हा म्हणाला, सापडत नाहीये, पण नॉर्मल होतं. तिसऱ्यांदा बाईंनी मागितला नाही, बाहेर गर्दी होती आणि बायको स्वतःच म्हणाली, "नॉर्मल आहे हो त्यांचं, मी बघितलंय." बघितलं नव्हतं तिने. पण नवऱ्याने सांगितलेलं म्हणजे बघितल्यासारखंच, असं तेव्हा तिला वाटत होतं.

पुढचं एक वर्ष तिने जे सोसलं, ते त्याने रोज डोळ्यांनी पाहिलं. गोळ्यांनी तिचं अंग सुजलं, चेहऱ्यावर मुरमं आली, केस गळले. इंजेक्शनं ती स्वतःच पोटाला टोचून घ्यायची, बेंबीभोवती निळे डाग पडले. शेवटी पोटाला तीन भोकं पाडून आत दुर्बीण घातली. दोन दिवस तिला उठता-बसता येईना. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि आई दारातून कुणाला तरी फोनवर सांगत होती, "काय करणार, वरून धडधाकट दिसतात हल्लीच्या मुली, आतून काय असतं कुणाला ठाऊक. माझ्या मुलाचं सगळं व्यवस्थित आहे." तो पलंगाच्या कडेवर बसून मोसंबं सोलत होता. त्याने फक्त एवढंच केलं की बिया काढून फोडी तिच्या हातात ठेवल्या.

दुर्बिणीतही काही सापडलं नाही. महिन्याभराने बायको म्हणाली, "पुरे. मी आता एकही सुई टोचून घेणार नाही. व्हायचं असेल तर होईल, नाही तर नाही." त्याला हायसं वाटलं. आता काही सांगायची गरजच उरली नव्हती.

त्यानंतर चार महिन्यांनी एका दुपारी ती दुकानात आली. कारखान्यातून मधल्या सुट्टीत पळत आली होती, धाप लागली होती. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. "नंबर तपासायचाय. मला दोन रेघा दिसतात. तुम्हाला किती दिसतात, साहेब?"

त्याने भिंग घेतलं. दोनच होत्या.

ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकाच वेळी. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात गार पडला होता. तिला वाटलं, आनंदाने. दारातून जाताना ती पुन्हा वळली आणि म्हणाली, "आईंना तू सांग हं. मला त्यांचं तोंड बघायचंय, पण मी लांबून बघेन."

ती गेल्यावर त्याने काचांचा खण उघडला आणि कागद वाचला. एक टक्का. खाली तोंड केलेले बाण. कागद खोटं बोलत नाही, म्हणजे माणूस बोलतंय.

मग त्याच्या डोक्यात मास्तर आला. कारखान्यातला कटिंग मास्तर, पन्नाशीचा, केस पिकलेला, पायाने किंचित अधू. बस चुकली की तो बायकोला स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडायचा. याच्याच दुकानातून त्याने जवळचा-लांबचा एकत्र असा चष्मा नेला होता, आणि 'तुमची मंडळी फार हुशार आहे हो' असं म्हणाला होता. तेव्हा ते बोलणं साधं वाटलं होतं. आता त्या बोलण्याला वास यायला लागला. कुठल्या आठवड्यात ओव्हरटाइम होता, कुठल्या दिवशी ती उशिरा आली, केस ओले कशाने होते, हे तो मोजायला लागला. "मास्तर अजून सोडतो का?" त्याने एकदा विचारलं. "हो, का?" ती म्हणाली. "काही नाही." तिने 'का' विचारलं, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं त्याने धरलं.

आणि सांगणार कुणाला? तोंड उघडायचं तर आधी स्वतःचं खोटं उघडं पडणार. म्हणून तो मूग गिळून बसला आणि आतल्या आत आंबत गेला.

आई मात्र रातोरात बदलली. "सूनबाई, वाकू नकोस. सूनबाई, दूध घे. अगं, ती बादली मी उचलते." ज्या तोंडाने वर्षभर विष ओकलं, त्याच तोंडातून आता मध गळत होता. बायको त्यावरही हसायची. "बघ, मी एकाएकी आतूनसुद्धा धडधाकट झाले." तो हसायचा नाही. आईने शेजारी पेढे वाटले तेव्हा तो न जेवताच दुकानात निघून गेला.

चौथ्या महिन्यात सोनोग्राफी होती. पहिल्या दोन्ही वेळेला त्याने कामाचं निमित्त केलं होतं. सकाळी बायको साडी नेसून तयार झाली आणि म्हणाली, "आज तू येतोयस. बाळाचं डोकं दिसतं म्हणे. सगळ्यांचे नवरे येतात, मी एकटीच पिशवी घेऊन बसलेली असते."

"मास्तरला ने," तो म्हणाला.

ती केसाला पिन लावत होती. हात तसाच राहिला. "काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"नाही ऐकलं. पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं नाही. बॅगेतून कागद काढला. गेले पंधरा दिवस तो त्याच्या बॅगेतच होता. तिच्यापुढे टाकून म्हणाला, "हे वाच. मला मूल होऊ शकत नाही. मग हे कुणाचं, ते तू सांग."

तिने कागद उचलला आणि खिडकीपाशी नेला. ती आरडाओरडा करेल, रडेल, शपथा घेईल असं त्याला वाटलं होतं. त्याने त्याची उत्तरंही तयार ठेवली होती. ती आकड्यांवर थांबलीच नाही. तिचं बोट वरच्या कोपऱ्यावर गेलं.

"ही तारीख," ती म्हणाली. "तू 'नॉर्मल' म्हणालास, त्याच दिवसाची ही तारीख आहे."

तो बॅगेची चेन लावत राहिला.

"माझी दुर्बीण कधी झाली?"

"ते आता कशाला..."

"कधी झाली? बोल ना. तुला सगळे आकडे पाठ असतात."

"त्याच्यानंतर. दहा महिन्यांनी."

"मी टेबलावर पालथी-उताणी होत होते तेव्हा हा कागद कुठे होता?"

"दुकानात."

"दुकानात कुठे?"

"खणात."

तिने मान हलवली, जणू काही हरवलेली वस्तू कुठे होती ते आता कळलं. आई दारात येऊन उभी होती, तिला काय चाललंय ते उमगत नव्हतं. "अरे, उशीर होतोय ना तुम्हाला," ती म्हणाली.

"आणि मास्तरचं काय?" त्याने विचारलं. आता मागे फिरता येत नव्हतं. "त्याचं उत्तर दे."

"त्याचं उत्तर मी तुला देणार नाही," ती म्हणाली. "आज नाही, कधीच नाही. तू ते उत्तर शोधत बस."

सोनोग्राफीला ती एकटीच गेली. तिथून आली, दोन पिशव्या भरल्या आणि रिक्षा करून भावाकडे गेली. कागद तिने नेला नाही. पलंगावर नीट उलगडून ठेवला होता.

उत्तर असतं तर दिलं नसतं का, असं तो स्वतःला समजावत राहिला. पण आई दिवसभर विचारत होती, मेव्हणा फोन करून शिव्या घालत होता, आणि त्याला काहीतरी पक्कं हातात हवं होतं. सही-शिक्क्यानिशी. 'या इसमास मूल होणे शक्य नाही' असं डॉक्टरने लिहून दिलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. म्हणून दोन आठवड्यांनी तो पुरुषांच्या तक्रारी बघणाऱ्या एका डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर साठीचे, टकले, आवाज खणखणीत. त्यांनी कागद पाहिला, पालथा करून मागची बाजूही पाहिली.

"हा तर जुना आहे. दुसरा कुठाय?"

"दुसरा कुठला?"

"नंतरचा. इथे खाली छापलंय ना, पुन्हा तपासा म्हणून."

"एकच केला."

"बरं. यावरून काय समजलात तुम्ही?"

"हेच, की मला मूल होणार नाही."

"असं कुठे लिहिलंय? बोट ठेवा बघू."

त्याने बावीस लाखांवर बोट ठेवलं. "इथे. एक कोटी साठ लाख पाहिजेत."

"पाहिजेत असं कोण म्हणालं? ज्यांना वर्षभरात दिवस राहिले अशा जोडप्यांतल्या पुरुषांची मोजदाद केली, त्यांच्यातल्या अगदी तळाच्या लोकांचा हा आकडा. त्याच्या खाली गेलात तर कठीण जातं, वेळ लागतो. दार बंद होत नाही. बावीस लाख म्हणजे शून्य का? तुमच्याकडे गणित कसं शिकवतात?"

"आणि हा एक टक्का?"

"चार टक्के नीट घडणीचे असले तरी आम्ही ठीक म्हणतो. शंभरातले शहाण्णव वाकडे असले तरी ठीक. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? सांगणार कोण, दाखवलाच नाहीत ना कुणाला." डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "ताप आला होता का त्याच्या आधी? इथे 'नाही' आहे."

त्याने टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. "टायफॉइड झाला होता. उठून महिना, सव्वा महिना झाला होता."

"शरीराला हे तयार करायला अडीच-तीन महिने लागतात. तुम्ही तापातला माल मोजायला दिलात. आणि नमुना? पूर्ण होता?"

"थोडा सांडला. सुरुवातीचा."

"सुरुवातीच्यातच सगळ्यात जास्त असतात."

"म्हणजे रिपोर्ट चुकीचा होता?" त्याने विचारलं.

"रिपोर्ट बरोबर आहे. तुम्ही जे दिलंत, ते त्यांनी इमानदारीत मोजलं. काय दिलंय, ते तुम्ही सांगितलं नाहीत." डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी लिहायला घेतली. "पुन्हा करा. महिन्याने आणखी एकदा करा. घाबरू नका, उपाय असतात. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या."

"ती गरोदर आहे," तो म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग तुम्ही इथे कशाला आलात?"

त्याने चिठ्ठी उचलली आणि बाहेर आला.

तपासणी दोनदा झाली. पहिल्यांदा चार कोटी दहा लाख, दुसऱ्यांदा तीन कोटी ऐंशी. हालचाल पंचावन्नच्या आसपास. घडण पाच टक्के. एकही बाण नव्हता. आयुष्यात एवढा चांगला कागद त्याच्या हातात आला नव्हता, आणि तो हातात धरून तो प्रयोगशाळेच्या पायरीवर बसला. लोक त्याला वळसा घालून आत-बाहेर जात होते.

त्या रविवारी तो मेव्हण्याच्या घरी गेला. मेव्हण्याच्या बायकोने दार उघडलं, पाण्याचा पेला न विचारता समोर ठेवला आणि आत गेली. बायको बाहेर आली. सातवा लागला होता. ती समोरच्या खुर्चीत सावकाश टेकली.

"बसा," ती म्हणाली.

तो उभाच होता. आठ वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा 'बसा' म्हटलं होतं. तो बसला. त्याने दोन्ही कागद पुढे केले. तिने दोन्ही वाचले, शांतपणे, तळाच्या ओळीसकट.

"छान आहे," ती म्हणाली. "तब्येत चांगली आहे तुमची."

"मी चुकलो."

"हो."

"मी काय बोललो ते... माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चल घरी. आई रोज विचारते."

"हे कागद वाईट आले असते तर?"

त्याने पाण्याचा पेला उचलला.

"तर आज आला नसतात. म्हणजे मी खरी की खोटी, ते तुमच्या डबीवर ठरलं. माझ्याकडे बघून तुम्हाला काही ठरवता आलं नाही. तापात एकवीस दिवस मी तुमची लघवीसुद्धा भांड्यात धरली, तेव्हाही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "मास्तर आले होते परवा. त्यांच्या बायकोला घेऊन. तुम्ही माझ्या भावाला फोनवर जे सांगितलंत, ते फिरत फिरत कारखान्यात गेलं. म्हातारा माणूस, माझ्याकडे वर बघून बोलता येईना त्याला. मी काम सोडलं. काजाच्या मशीनवर माझ्याइतका हात कुणाचा नव्हता."

"मी मास्तरची माफी मागतो."

"मागा. ते तुमचं तुम्ही बघा." तिने कागदांची घडी घालून त्याच्या हातात दिली. "आणि एक सांगते. मूल नसतं झालं तरी मी तुमच्याबरोबर राहिले असते. बावीस लाख होते म्हणून सोडलं नाही मी तुम्हाला. खणात होते म्हणून सोडलं."

तो जिना उतरला. मास्तरकडे तो गेलाच नाही. तीनदा कोपऱ्यापर्यंत गेला आणि तीनदा परत आला.

आईला त्याने सगळं सांगितलं ते मुलगी झाल्याचा फोन आला त्या दिवशी. फोन मेव्हण्याने आईला केला होता, त्याला नाही. आईने डबा भरायला घेतला, आणि तेव्हा त्याला ते पोटात ठेवता आलं नाही. पहिला कागद, 'नॉर्मल', खण, सगळं त्याने ओट्यापाशी उभं राहून सांगितलं. आईने गॅस बंद केला.

"म्हणजे मी तिला बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू ऐकत होतास?"

"शेजारीच बसलो होतो."

आई खाली बसली. म्हणाली, "मला तरी गप्प बसवायचं होतंस रे. मी अडाणी बाई, मला जे सांगितलं ते मी खरं धरलं. माझ्या जिभेने तू तिला मारलंस." नंतर तिने पदराने तोंड पुसलं आणि डबा घेऊन निघाली. "मला सोड तिथे. तू वर येऊ नकोस. तिने बोलावलं तर ये."

तिने बोलावलं नाही. आई वर गेली, सुनेच्या पायाशी बसून रडली म्हणे, आणि सुनेने तिच्या मांडीवर मुलीला ठेवलं. खाली आल्यावर आई म्हणाली, "कान तुझे आहेत." त्याने स्कूटर सुरू केली. तो शब्द ऐकायला तो किती दिवस जीव टाकत होता, आणि आता त्याला त्याचं काही करता येत नव्हतं.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी तो दुकान बंद करून आईला तिकडे पोचवायचा. आई वर जायची, तो खाली फाटकापाशी स्कूटरवर बसून राहायचा, तासभर, कधी दीड तास. कागदोपत्री काही तुटलं नव्हतं. बायकोने घरीच शिवणाचं मशीन टाकलं होतं आणि त्याचा आवाज खाली यायचा. मुलगी रांगायला लागली, उभी राहिली, गॅलरीच्या गजांतून खाली बघायला लागली. तो हात हलवायचा. कधी ती हलवायची, कधी नाही.

ती अडीच वर्षांची असताना एका गुरुवारी आईचा गुडघा फार दुखत होता, जिना चढवेना, म्हणून तो आईला धरून वरपर्यंत गेला. दार मुलीनेच उघडलं. शेजारची एक बाई आत कापड मापायला आलेली होती. तिने कौतुकाने विचारलं, "कोण आलंय गं?"

"आजी," मुलगी म्हणाली.

"आणि हे कोण?"

मुलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे आजीला सोडायला येतात ते."

शेजारीण हसली. मशीन क्षणभर थांबलं. त्याने आत बघितलं. बायकोने मान वर केली होती, तिने ऐकलं होतं. तिने मुलीला दुरुस्त केलं नाही, आणि त्याच्याकडे रागानेही पाहिलं नाही. तिने शिवण सरळ केली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

"मी खाली आहे," तो आईला म्हणाला.